पार्थेनियम नावाचा राजा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी वनस्पतिशास्त्रात नापास झालो, आणि पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी येऊन पास झालो म्हणून सांगितलं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, पेढे वाटले. त्याच आठवड्यात त्यांनी शेतातून कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू आणलं.

"तू इतला शिकेल शे. याले भारी नाव ठेव."

वाघ्या आणि मोत्या गावात चिक्कार होते. मला लॅटिन नाव हवं होतं. पण परीक्षेनंतर डोक्यात एकच उरलं होतं, तेही गाजरगवताचं, कारण ते आमच्या प्रत्येक बांधावर माजलेलं असे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

"म्हंजे काय शे?"

"रोमचा राजा होता एक," मी म्हणालो. हे तोंडातून कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही.

आबांनी दोन दिवस नाव घोकलं. पाहुणा आला की ते कुत्र्याला पूर्ण नावाने बोलवत, अर्थ सांगत आणि मग कौतुकाने माझ्याकडे बघत.

गणपतीच्या सुटीत मी घरी होतो. तेव्हा जळगावच्या एका कॉलेजचं शिबिर गावात आलं, गाजरगवत उपटायचं. चावडीसमोर सगळं गाव जमलं. आबा पुढे बसले, मी त्यांच्या मागे. प्राध्यापकांनी एक रोप वर धरलं.

"याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस."

आमचा कुत्रा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यांच्यासमोर शेपूट हलवत बसला. त्यांनी नाव पुन्हा उच्चारलं, तर त्याने पुढचा पायही दिला.

"आबा," मागून शेजारी म्हणाला, "आते तुमना राजाले उपटनं पडी."

चावडी हसली. आबा हसले नाहीत. घरी येताना मी सगळं सांगून टाकलं: निकाल, पेढे, रोमचा राजा.

"आते नाव बदलू," मी म्हणालो.

"कायले? तू नापास, त्यामा कुत्राना काय गुन्हा शे?"

नाव तेच राहिलं. त्यानंतरही आबा पाहुण्यांसमोर त्याला पूर्ण नावाने बोलवत. फक्त अर्थ सांगायची वेळ आली, की ते विड्या शोधायला आत जात.