बोर्दोचा सरदारी मळा आणि माझी सही

"ताई, फ्रान्सला चल. तिकीट माझं," धाकटा भाऊ सुभाष म्हणाला. त्याने मला आजवर शिर्डीचंही तिकीट काढलेलं नाही, म्हणून सरळ विचारलं, काय हवंय? हवी होती हक्कसोडपत्रावर सही. दिंडोरीला वडिलांची द्राक्षबाग आहे, वाइनच्या द्राक्षांची. तिच्यातला माझा हिस्सा मी सोडावा. "वाटण्या झाल्या की काय होतं, ते तिथल्या एका मळ्यावर बघ. मग ठरव." मी गेले.

नाशिकहून मुंबई गाडीने, पुढे पॅरिसला विमान, तिथून बोर्दो रेल्वेने दोन-सव्वादोन तास. रेल्वेचं तिकीट आधी काढा, ऐनवेळी फार महाग पडतं. आणि नोव्हेंबरात जाऊ नका. दिवसभर झिमझिम, वेलींचे नुसते काळे खुंट. दुपारी दोननंतर कुणी जेवायला वाढत नाही. आम्ही पावात मेतकूट घालून खाल्लं.

मळ्यावर बस जात नाही. टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा. पाहणी आणि तीन घोट, माणशी वीस युरो. माहिती द्यायला सत्तरीच्या एक बाई होत्या, मळा ज्या सरदार घराण्याचा, त्यातल्याच. जमीन राजाने लढाईबद्दल दिलेली. क्रांतीत एक पूर्वज तळघरात पिंपांमागे लपून वाचला. पुढे मुळांना कीड लागून सगळ्या वेली मेल्या, तेव्हा अमेरिकन खुंटांवर कलमं बांधली.

"म्हणजे आपल्या डॉगरिज खुंटासारखंच की!" सुभाष खुलला. "खाली परका खुंट, वर सरदार!"

भिंतीवर वंशावळ होती. मुलींची नावं होती, पण त्यांच्यापुढे रेघ नव्हती. आता मळा, वाडा, सगळं एका विमा कंपनीचं आहे.

"कायद्याने मुलींना सारखा वाटा," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पण आमच्याकडच्या मुली थोडंफार घेऊन गप्प बसत. आमच्या पिढीत एका बहिणीने पूर्ण मागितला. भावांकडे द्यायला नव्हतं. विकावं लागलं."

सुभाषने मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस ना?"

"ती बहीण आता कुठे असते?" मी बाईंना विचारलं.

"तुमच्यासमोर."

सुभाष खिडकीबाहेर बघू लागला. मला आडून विचारता येत नाही. "पश्चात्ताप होतो?"

"भाऊ वारले तेव्हा मला कुणी कळवलं नाही. त्याचं दुःख आहे," ग्लास पुसत त्या म्हणाल्या. "मागितल्याचं नाही."

टॅक्सीत सुभाष म्हणाला, "म्हातारी खमकी आहे."

"हो."

"तू नाहीस ना गं तशी?"



परतल्यावर पंधरा दिवसांनी तो कागद घेऊन घरी आला. मी चहा दिला, सही दिली नाही. बाग तूच कस, पण सातबाऱ्यावर माझं नाव राहील, म्हणाले.

"तुला काय कमी आहे, ताई?"

"काहीच नाही."

त्याने कागदाची घडी घातली. चहा तसाच राहिला.

मळा बघावा का? जरूर बघा. पण सही मागणाऱ्या भावाबरोबर जाऊ नका. सुभाष दर फेब्रुवारीला खायच्या द्राक्षांची पेटी पाठवतो. यंदा आली नाही. मार्च लागल्यावर मी पंचवटीतून अर्धा किलो विकत आणली. लग्नानंतर पहिल्यांदाच. गोड निघाली.