थरथरणारा चौकोन

माझी वहिनी दिवसभर माणसं मरताना बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन भाजी निवडायची. लोक इंटरनेटवर जे टाकतात, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवायची तिची नोकरी. कुऱ्हाडीने तोडलेला हात, जिन्यावरून ढकललेली म्हातारी, पेटवलेलं कुत्रं. डावा अंगठा दाबला की ठेवा, उजवा दाबला की काढा, लगेच पुढचा व्हिडिओ. दादा कौतुकाने म्हणायचा, "बसून पगार आहे." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

एकदा आम्ही दोघी बाजारातून परतलो, तर खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला बायकोचे केस धरून तिचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटत होता. वहिनी समोरच उभी, चेहरा कोरा. तिचा उजवा अंगठा पिशवीच्या बंदावर दाबला गेला. थोड्या वेळाने पुन्हा दाबला गेला. ती पुढच्या व्हिडिओची वाट बघत होती. मी बोंब ठोकली, तेव्हा कुठे तो शिव्या घालत निघून गेला.

"दाबलं तरी ते गेलंच नाही गं," घरात आल्यावर ती म्हणाली आणि मोरीत भडाभडा ओकली.

मग सुट्टीच्या दिवशी बसून तिने मोबाइलसाठी एक खेळ बनवला. लग्नाआधी ती हेच शिकली होती. पांढऱ्या पडद्यावर एक काळा चौकोन थरथरतो. खाली दोन बटणं, ठेवा आणि काढा. कुठलंही दाबा, नवा चौकोन येतो. ना गुण, ना आवाज. मी दाबत सुटले आणि वैतागले.

"जिंकायचं कसं?"

"चौकोनावर बोट ठेवून थांबायचं. थरथर थांबली की खेळ संपतो."

"किती वेळ?"

"ते खेळ सांगत नाही."

"डोंबलाचा खेळ," मी म्हटलं.

पुढे एका दुपारी जिन्यात पुन्हा किंकाळी उठली. मी खाली धावले, तर शेजारीपाजारी मोबाइल उंच धरून उभे. वहिनी त्यांच्यातून घुसली होती आणि तिने टॅक्सीवाल्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याने तिच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडला. तिने मनगट सोडलं नाही. त्याने तिचा उजवा अंगठा मागे पिरगळला, आणि तो मोडल्याचं मला ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. कोणाच्या तरी दारातली लोखंडी खुर्ची उचलून मी त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला, तरी वहिनी धरूनच.

"सोड आता, वहिनी."

"अजून थरथरतोय," ती रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाली.

पोलिसांनी त्याला नेलं. अंगठा काही नीट जुळला नाही, नोकरीही गेली. मग एक दिवस ऑफिसात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलगी भेटायला आली.

"जिन्यातला तो व्हिडिओ कोणीतरी टाकला होता, ताई. मीच 'काढा' दाबलं. त्यात तुम्ही होतात हे नंतर कळलं. मी पुढचा बघायला लागले होते."

बोलताना तिचा अंगठा कपाच्या कडेवर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा. वहिनीने त्यावर आपला वाकडा हात ठेवला. चहा निवला तरी तिने हात काढून घेतला नाही.