टेबलावरचा गल्याथ

सलग सहा नाताळ मी दावीदाच्या हातून मेलो.

आमच्या संगमनेरच्या चर्चमधल्या नाटकात पोरगेल्या दावीदाच्या गोफणीने मरणारा बायबलमधला गल्याथ हा महाकाय योद्धा मीच व्हायचो. शास्त्राप्रमाणे त्याची उंची सहा हात एक वीत, म्हणजे पावणेदहा फूट! मी पाच फूट चार इंच. खाली अडीच फुटी टेबल, डोक्यावर पाच इंची पातेलं (शिरस्त्राण!), तरी दीड फूट तूट राहायचीच. टेबल चादरीने झाकलेलं, त्यामुळे पुढे पाऊल टाकायची सोय नाही. पाथर्डीहून आलेल्या सासूबाई पहिल्या रांगेतून ओरडायच्या, "जावईबापू, लढाईला म्होरं या की!"

दगड (कागदाचा बोळा) लागला की मी आधी चष्मा काढायचो, मग पातेलं उतरवायचो, मग डावा पाय जपून खाली सोडायचो आणि जमिनीवर पोचून मरायचो.

"मरायला लई येळ लावता बाई तुमी!"

अशात नगरच्या मेव्हण्याने टीव्ही घेतला आणि रविवारी त्यावर दावीदाचंच नाटक लागणार असल्याचं कळलं.

"चला सासूबाई, खरा गल्याथ दाखवतो. मुंबईचं काम! तिथे टेबलं-बिबलं नसतात."

"आन् असलं तर?"

"तर यंदा चष्म्यासकट मरेन!"

रविवारी मेव्हणा गच्चीवर अँटेना पिरगाळत होता.

"आलं का?"

"आवाज आला, माणसं गेली!"

शेवटी पडद्यावरच्या मुंग्यांच्या वारुळातून गल्याथ प्रकटला. उंची चार बोटं!

"पडदा लहान आहे. प्रमाण बघा," मी म्हणालो.

सासूबाई प्रमाण बघत राहिल्या. दावीद पुढे आला, मागे गेला, पुन्हा आला. गल्याथ मात्र जागचा हलेना. तेवढ्यात चित्र जरा खाली सरकलं. चादर! आणि चादरीखाली लाकडी पाय!

"जावईबापू, ह्यो बी टेबलावरच हाय!"

एवढ्यात दगड बसला आणि तो पठ्ठ्या टेबलावरून धाडकन आडवा झाला.

"पर मेला लई ब्येस," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

नाताळ आला. शब्द म्हणजे शब्द! बायकोने टेबलापुढे गादी अंथरली. दावीद गोफण घेऊन समोर आला, मी घाबरून चष्म्याआड डोळे मिटले आणि दिलं अंग झोकून! धाडकन! चष्मा शाबूत, मी शाबूत. टाळ्यांची वाट बघत मेलेला पडून राहिलो.

पहिल्या रांगेतून आवाज आला, "अवं जावईबापू, उठा! त्यानं दगड अजून उचललाच न्हाई!"