उन्हात ठेवलेली चांदी

श्रावण तायडे आमच्या दवाखान्यात कंपाउंडर होता आणि मी मलमपट्टी करणारा ड्रेसर. दर्यापूरकडचं गाव, नाव सांगून आता उपयोग नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस सगळं आमच्या दोघांच्या बोकांडी.

डोळे येण्याच्या दिवसांत श्रावण चांदीचे थेंब बनवायचा. तपकिरी पूड कपातल्या पाण्यावर भुरभुरायची आणि ढवळायचं नाही. ती आपली आपण विरघळते. रांग दारापर्यंत गेलेली, आणि हा त्या कपाकडे बघत उभा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "चांदी हाये बापा, तिले वेळ लागते." डॉक्टरांनी आम्हाला एकदा समजावलं होतं. त्या पाण्यात चांदीचे कण दिसणार नाहीत इतके बारीक असतात, म्हणूनच जंतूंवर तुटून पडतात. पण ऊन लागलं की ते एकमेकांना चिकटतात, तळाशी काळा गाळ बसतो, आणि उरलेलं औषध बरं करायचं सोडून डोळ्याला झोंबतं.

ऊन अडवणाऱ्या तपकिरी बाटल्या सरकारकडून कधी आल्याच नाहीत. लोक घरून पांढऱ्या काचेच्या आणायचे. त्यात आमच्याकडे तान्ह्या बाळाला थंड काही लावत नाहीत. तेल असो की घुटीचं पाणी, आधी कोमट करायचं. बाया थेंबांची बाटलीही अंगणात उन्हात ठेवायच्या. म्हणून श्रावण प्रत्येकीला बजावायचा, "सावलीत ठेवजा, उनात नोका ठेवू." दिवसातून शंभर वेळा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकोणसाठ सालच्या चैत्रात गावंच्या गावं डोळे चिकटून आली. बारा दिवस आम्हाला सुट्टी नव्हती. श्रावणचेही डोळे आलेले. दुपारी इंदूबाई महिन्याचं पोर घेऊन आली. त्याने बाटली भरली, तिच्या हातात दिली आणि पुढच्याला हाक मारली. काही बोललाच नाही. मी शेजारीच होतो, माझ्या लक्षात आलं होतं. मीही बोललो नाही. जीव इतका कंटाळला होता.

दहा दिवसांनी ती परत आली. बाटलीत काळा गाळ, आणि पोराच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. तो डोळा गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "हिला सांगितलं होतं का?"

श्रावण घरातला पहिलाच सरकारी नोकर. त्याच्या पगारावर आठ माणसं होती.

"सांगतलं होतं, साहेब."

इंदूबाई खाली बघत म्हणाली, "सांगतलं असन जी. माह्याच ध्यानात नसन राह्यलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

त्यानंतर श्रावण खोकल्याची बाटली देतानाही ऊन-सावली सांगायचा. बाया हसायच्या. दोन वर्षं हे चाललं. मग एका रविवारी म्हणाला, "चाल, इंदूबाईच्या गावाले जाऊ." सायकली काढल्या.

इंदूबाईची सासू पार्वताबाई ओट्यावर डाळ निवडत होती. पोर मान वाकडी करून उजव्या डोळ्याने आमच्याकडे बघत होतं. आम्ही दवाखान्यातले म्हटल्यावर पार्वताबाईने तोंड सोडलं, "हिनंच आंधळं केलं माह्या नातवाले. औषध उनात ठेवते का कोणी?" इंदूबाई दाराशी उभी होती. हे तिला रोजचंच असावं, चेहऱ्यावर काही हललं नाही.

श्रावण उभ्या-उभ्याच बोलला. "त्या दिवशी मी काहीच सांगतलं नव्हतं, बाई. थकलो होतो. साहेबापुढे खोटं बोललो."

मीही खोटाच, हे मला तिथे सांगायचं होतं. सांगवलं नाही.

पार्वताबाईचा हात सुपात थांबला. इंदूबाईने पोराला जवळ ओढून घेतलं.

"दोन सालं झाली, मी याच्या डोळ्याले हात नाही लावला," ती म्हणाली. "भेव वाटे सोताच्याच हाताचं. हे तुमी तवाच काहून नाही बोलले?"

मग ती सासूकडे वळली.

"आयकलं ना, आत्याबाई?"