मामांचं मोकळं सॉफ्टवेअर

‘फुकट’ या शब्दाचा माझ्या बायकोच्या धाकट्या मामांना जितका राग येतो, तितका उभ्या नवी मुंबईत कुणाला कशाचाच येत नसेल. लग्नानंतर कामोठ्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आपला कौतुकानं म्हणालो, ‘‘मामा, तुम्ही ती फुकटची सॉफ्टवेअरं वापरता म्हणे!’’ पुढे केलेला चहाचा कप मामांनी तसाच मागे घेतला. ‘‘फुकट नाही जावईबापू, मुक्त! वापरायची मोकळीक, उघडून बघायची मोकळीक, दुसऱ्याला द्यायची आणि बदलून द्यायचीसुद्धा मोकळीक.’’ चौथी मोकळीक समजावून होईस्तोवर चहावर जाड साय धरली होती. नव्या फोनच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते ‘मान्य आहे’ दाबत नसत. एकदा त्या वाचनात तीन दिवस गेले आणि मामी शेजारणीच्या फोनवरून माहेरी बोलत राहिल्या.

याचं मूळ तुर्भ्याच्या कारखान्यात होतं. मामा तिथे मशीनं दुरुस्त करायचे. एक परदेशी मशीन अडलं. दोष आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ते कुलूपबंद, आणि बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. धडधाकट मशीन भंगारात गेलं. ‘‘मशीन आपलं, पण आत डोकवायची चोरी!’’ हे दुःख उराशी धरून मामा निवृत्तीनंतर प्रोग्रॅम लिहायला शिकले.

मग मामींना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. मामांनी सहा महिने खपून एक प्रोग्रॅम लिहिला. चित्रावर बोट ठेवलं की कॉम्प्युटर बोले, तोही मामांच्या आवाजात. त्यामुळे मामा व्याख्यान द्यायला लागले की मामी बोट टेकवायच्या आणि मामांचाच आवाज मामांना दरडावायचा, ‘‘पुरे आता!’’

खारघरची एक कंपनी हा प्रोग्रॅम मागायला आली. मामा म्हणाले, ‘‘विका की, बिनधास्त विका. पण घेणाऱ्याला आतलं उघडून दाखवा, बदलू द्या.’’ कंपनीचे साहेब म्हणाले, ‘‘काका, तेवढं सोडून बोला.’’ मामींसाठी चांगली नर्स ठेवता आली असती, म्हणून मीही मामांच्या कानाशी लागलो. मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी सावकाश बोट ठेवलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, ‘‘नको.’’ मामांनी प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवून दिला.

पुढच्याच वर्षी मामी गेल्या. मामांचं बोलणं अर्ध्यावर आलं.

परवा मी त्यांच्याकडे बसलो असताना खाडीकाठच्या एका गावातल्या शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांच्या वडलांची वाचा अशीच गेलेली. मामांचा प्रोग्रॅम त्यांनी उतरवून घेतला होता आणि त्यातले शब्द बदलले होते. ‘‘बाबांना पुस्तकी बोललेलं आवडंना सर. तुमाला न विचारता केलं, राग नाय ना?’’

‘‘अहो, विचारायला लागू नये म्हणूनच तर उघडं ठेवलं,’’ मामा म्हणाले.

बाईंनी एका होडीच्या चित्रावर बोट ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या आवाजात लॅपटॉप बोलला, ‘‘मना होरीवर जायाचा हाय.’’

मामींना होडीचं चित्र कधी लागलंच नव्हतं. मामांनी लॅपटॉप जवळ ओढून घेतला. मला वाटलं, आता चारी मोकळिका पहिल्यापासून सुरू होणार. पण ते एवढंच म्हणाले, ‘‘तिला दाखवायला हवं होतं हो हे.’’