अण्णांचा ट्रॅक्टर, माझा जनरेटर

जनरेटर कोणता घ्यायचा हे मी ठरवलं होतं आणि त्या काळात ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगत असे.

मल्लेश्वरममधली भाड्याची जागा सोडून आम्ही बंगळूरच्या उत्तरेला एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. लेआउट नावालाच. आखलेले प्लॉट, लाल मातीचे रस्ते, निलगिरीची एक रांग आणि लांब लांब उभी असलेली सात-आठ घरं. नळ आलेला नव्हता. पाणी बोअरचं, म्हणजे पंपाचं, म्हणजे विजेचं. उन्हाळ्यात वीज रोज जायची. वारा सुटला की तार तुटायची आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत टाकी कोरडी.

मी एका सरकारी कारखान्यात विजेच्या यंत्रांच्या चाचणी विभागात इंजिनियर होते. विभागात बाई मी एकटीच. नवरा एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल. घरातला बल्बसुद्धा तो मला विचारून बदलायचा आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे. बाहेरच्यांना मात्र वाटे. इंदिरानगरच्या एका दुकानात आम्ही जनरेटर बघायला गेलो, तर दुकानदार माझ्याकडे पाठ करून नवऱ्याला पेट्रोलचा छोटा संच दाखवत होता. मी मागून विचारलं, "दीड हॉर्सपॉवरचा बोअरचा पंप यावर सुरू होईल?"

"होईल की," तो नवऱ्याकडे बघत म्हणाला.

"सुरू होताना पंप चौपट-पाचपट करंट ओढतो. तेवढा कुठून देणार हा?"

तो पुन्हा नवऱ्याकडे बघू लागला. नवरा हसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यांच्याशी बोला." त्या दिवशी मला जी मजा वाटली, ती अजून आठवते. पुढे जे झालं त्याची सुरुवात मी तिथूनच धरते.

पंपाला पुरेल असा डिझेलचा संच आमच्या ऐपतीबाहेरचा होता. त्यावर तोड सुचवली शेजारच्या अण्णांनी. आमचं लेआउट मुळात त्यांच्या भाऊबंदांच्या शेतांवर उभं राहिलेलं. त्यांच्याकडे एकरभर जमीन उरली होती. त्यात त्यांची बायको अबोली आणि शेवंती लावायची आणि पहाटे टोपल्या बाजारात जायच्या. शेत गेलं तरी ट्रॅक्टर विकायला अण्णांचा जीव होत नव्हता. तो करंजाच्या झाडाखाली उभा असे आणि ते रोज सकाळी तो फडक्याने पुसत. साठीचे, काटक, कमी बोलणारे. कुंपणापाशी उभं राहून माझ्या मोडक्या कन्नडला सांभाळून घेत ते म्हणाले, "अम्मा, इंजिन कशाला विकत घेता? माझं इंजिन बसूनच आहे. तुम्ही नुसता डायनमो आणा. स्वल्प डिझेल घाला, झालं."

मला ते एकदम पटलं. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा दांडा असतो, त्यावर पट्ट्याने अल्टरनेटर, म्हणजे अण्णांचा तो डायनमो, फिरवायचा. मी रात्रभर कागदावर पुल्यांचे व्यास मांडले आणि दुसऱ्या दिवशी शिवाजीनगरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याने वापरलेला पण उत्तम अल्टरनेटर काढला, माझ्या मापाच्या पुल्या बसवल्या, खाली लोखंडी चौकट केली. निघताना त्याने विचारलं, "मेडम, चेंजओव्हर?"

चेंजओव्हर म्हणजे एका बाजूला खात्याची वीज आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर असलेला स्विच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, त्यामुळे जनरेटरची वीज चुकूनही बाहेरच्या तारांत शिरू शकत नाही.

"बसवते मी घरी," मी म्हटलं.

"उसके बगैर नक्को चलाओ मेडम," तो म्हणाला. इंजिनियर असलेल्या मला तो हे सांगतोय याचा मला थोडा रागच आला.

मला हव्या तेवढ्या क्षमतेचा चेंजओव्हर त्या आठवड्यात मिळाला नाही. मग पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या, असं होत गेलं. तोवर मी एक केबल तयार केली. तिच्या एका टोकाला अल्टरनेटर आणि दुसऱ्या टोकाला साधा पिनांचा प्लग. तो पंपाच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये खुपसला की घरभर वीज. आधी मेन स्विच खाली ओढायचा, मग प्लग लावायचा, मग अण्णांना हाक मारायची. एवढं लक्षात ठेवलं की झालं. कारखान्यात नव्या शिकाऊ मुलांना "माणसाच्या लक्षात राहण्यावर सुरक्षितता सोडू नका" हे सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते चांगलं करत असे.

महिनाभर सगळं ठीक चाललं. अण्णांनी ॲक्सिलरेटरवर खडूने खूण केली होती. ती खूण आली की व्होल्टेज बरोबर येई.

मग मी आमच्या साहेबांसकट विभागातल्या सहा जणांना रविवारी जेवायला बोलावलं. नव्या घराचं निमित्त होतं, पण मला त्यांना जनरेटर दाखवायचा होता. आदल्या संध्याकाळी वारा सुटला आणि निलगिरीची फांदी तारांवर पडली. वीज गेली. नवरा म्हणाला, "पुढच्या रविवारी ठेवू या का?" मी म्हटलं, "उलट बरंच झालं."

सकाळी साडेदहाच्या सुमाराला फाटकाशी वीज खात्याचा लाईनमन आला. तिशीचा, खांद्यावर दोर, हातात पक्कड. आमच्याच कोपऱ्यावरच्या खांबावर त्याला चढायचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याने विचारलं, "अक्का, पाणी मिळेल?" मी तांब्या दिला. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुमच्याकडे जनरेटर आहे असं कळलं. मी तार जोडतोय. मेन बंद आहे ना?"

"हो, बंद आहे," मी म्हटलं.

मी बघितलं नव्हतं. माझ्या हातात अर्धी चिरलेली काकडी होती. रात्री मी मेन खाली ओढला होता, तेवढं आठवत होतं. पहाटे वीज आली का बघायला मीच तो पुन्हा वर केला होता, हे आठवलं नाही. मीटरची पेटी स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर होती.

"सरी, अक्का," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून तो गेला.

अकराला पाहुणे आले. हात धुवायला पाणी नाही म्हटल्यावर मी त्यांना सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. ट्रॅक्टर तिथे उभाच होता. अण्णा धुतलेला शर्ट घालून आले होते. साहेबांनी पुल्यांबद्दल विचारलं, मी त्यांना हिशेब समजावला. कुणीतरी म्हणालं, "बाईंनी एकट्यांनी केलंय हे." मी अण्णांना मान हलवून खूण केली, ट्रॅक्टर सुरू झाला, आवाज खुणेवर स्थिर झाला आणि मी बोलता बोलता प्लग सॉकेटमध्ये घातला. पंपाच्या खोलीतला दिवा लागला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांमध्येच रस्त्यावरून ओरडणं ऐकू आलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अर्धं मिनिट त्यानंतरचं आहे. बाकीचे रस्त्याकडे धावले. अण्णांनी इंजिन बंद केलं आणि तेही धावले. मला तत्काळ समजलं होतं काय झालं ते. मी मीटरच्या पेटीशी गेले, मेन वर होता, तो खाली ओढला. इतपत ठीक म्हणता येईल. पण मग मी पंपाच्या खोलीत परतले, केबल सॉकेटमधून आणि अल्टरनेटरवरूनही काढली, गुंडाळली आणि कपाटात धुण्याच्या पावडरीच्या डब्यामागे ठेवली. कपाटाचं दार लावलं. त्यानंतर मी रस्त्यावर गेले.

तो खांबाखाली कुशीवर पडला होता. श्वास चालू होता. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती आणि पाय मांडीपासून वेडावाकडा वळला होता. तुटलेल्या तारेच्या त्या टोकाला आमचं घर, अण्णांच्या शेतातला बंद पंप आणि एक अर्धवट बांधकाम एवढंच जोडलेलं होतं, म्हणून माझ्या जनरेटरवर फारसा भार आला नाही आणि तो बंदही पडला नाही. माझी निवड भक्कम होती. साहेबांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. अण्णा मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

दुपारी वीज खात्याचा तरुण अधिकारी आला. तोवर अण्णा परतले होते. त्यांच्या धुतलेल्या शर्टवर मातीचे डाग होते. नवरा, साहेब आणि मी अंगणात उभे होतो. अधिकाऱ्याने मेन बघितला, तो बंद होता. जनरेटर बघितला, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं.

"मग तारेत वीज कुठून आली?" त्याने विचारलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे बघत होते. माझ्या मनात त्या वेळी लाईनमन नव्हता. साहेब होते.

अण्णा म्हणाले, "ट्रॅक्टर माझा आहे. मी माझ्या शेतातल्या पंपाला जोडून बघत होतो. तिथून गेली असेल."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि अण्णांनी सही केली. दोन दिवसांनी खात्याने त्यांच्या शेतातल्या पंपाची जोडणी तोडली.

मी कुंपणापाशी गेले. "अण्णा, तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुमची नोकरी सरकारी आहे, अम्मा. माझं काय नेणार आहेत ते?" एवढंच म्हणून ते टोपल्या धुऊ लागले. मी "उद्या जाऊन खरं सांगते" असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पाणी आमच्या बोअरचं घ्या." त्यांच्या बायकोने काही दिवस घागरी नेल्या, मग बंद केलं. घागरींनी एकरभर फुलं जगत नाहीत. अबोली आधी गेली.

दवाखान्यात मी मोसंबी घेऊन गेले. लाईनमनच्या उशाशी त्याची आई होती. तिला माझं कोण कौतुक वाटलं, घरच्या माणसासारख्या आलात म्हणाली. ती पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "अक्का, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही बघितलं नव्हतं."

"नाही."

त्याने पट्टी बांधलेला हात पोटावर घेतला. मग म्हणाला, "मीही टेस्टर लावायला हवा होता. तुम्ही इंजिनियर आहात असं ऐकलं होतं, म्हणून लावला नाही." आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. ती मोसंबी मी तिथेच ठेवून आले.

घरी नवऱ्याने त्या विषयावर एकदाही आवाज चढवला नाही. एका रविवारी तो स्वतः शिवाजीनगरला गेला आणि चेंजओव्हर घेऊन आला. टेबलावर ठेवून म्हणाला, "हा बरोबर आहे का, तेवढं बघ." मी तो बसवला. नंतर ट्रॅक्टर आमच्या अंगणात आलाच नाही.

चार महिन्यांनी मी एका कागदावर सगळं लिहिलं, केबलसकट, आणि वीज खात्याच्या कचेरीत त्या तरुण अधिकाऱ्याला नेऊन दिलं. त्याने दोनदा वाचलं. "मेडम, चौकशी संपली. आता हे कशाला?" म्हणाला आणि कागद खणात ठेवला. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. साहेबांना त्या कागदाचं कळलं की नाही, तेही मला कधी समजलं नाही. पंधरा दिवसांनी अण्णांच्या पंपाची जोडणी परत आली, ती त्या कागदामुळे की त्यांनी कचेरीत घातलेल्या खेपांमुळे, कोण जाणे.

मला वाटलं होतं अण्णांना बरं वाटेल. ते फाटकाशी आले, पहिल्यांदाच आत न येता बाहेर उभे राहिले. "त्यांनी मला कचेरीत बोलावून तुमचा कागद वाचून दाखवला. मी अधिकाऱ्यासमोर खोटं बोललो आणि सही केली, असं तुम्ही लिहून दिलंत."

"मला खरं सांगायचं होतं, अण्णा."

"तेव्हा सांगायचं," ते म्हणाले. "मी तिथेच उभा होतो." त्यानंतर आम्ही सहा वर्षं शेजारी राहिलो. दिसले की मान हलवायचे, मीही हलवायची. अम्मा म्हणून हाक त्यांनी पुन्हा मारली नाही.

लाईनमन बरा झाला, पण पाय आखूड राहिला आणि खांबावर चढणं संपलं. त्याला आमच्या भागाच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसवलं. वीज गेली की लोक फोन करायचे, तो घर नंबर विचारायचा आणि वहीत लिहायचा. आमच्याकडची वीज गेली की मी नवऱ्याला फोन करायला लावत असे. एकदा नवरा गावाला गेलेला असताना दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी मी शेवटी फोन लावला. तिकडून लाईनमनचा आवाज आला, शांत, रोजच्या कामाचा. "घर नंबर सांगा."

मी मागच्या गल्लीतल्या घराचा नंबर सांगितला.

"लिहून घेतलं. तासाभरात माणूस येईल," तो म्हणाला. मी फोन ठेवला. तासाभराने मागच्या गल्लीत वीज खात्याची सायकल आली. वीज सगळीकडेच गेलेली होती, त्यामुळे त्या माणसाला काही वेगळं वाटलं नसावं. मी खिडकीतून त्याला बघत राहिले, बाहेर गेले नाही.