अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ

समैस्माजवळच्या कॅम्पमधलं ते मीठप्रकरण आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो, आणि हसूही येतं. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी कतारला सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून गेलो होतो. वर्ल्ड कपची बांधकामं जोरात चालली होती. आम्ही स्टाफवाले सिमेंटच्या ठोकळ्यांवर कायमच्या बसवलेल्या पत्र्याच्या कॅराव्हॅनमध्ये राहायचो.

एका सकाळी मेसचा आचारी दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, रोज मीठ गायब होतंय. तो रत्नागिरीचा वायरमन नेतो. तुमच्याच कॅराव्हॅनमागे खड्ड्यात मीठ-पाणी ओततो. करणीच आहे ही!"

दुपारी पाळत ठेवून मी त्याला मुद्देमालासह पकडलं. मुद्देमाल म्हणजे एक बादली आणि अर्धी पिशवी मीठ. रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून आचारीच उभा राहिला, कारण दुसरं कुणी उन्हात यायला तयार नव्हतं.

चौकशीची माझी पद्धत ठरलेली. समोरच्याला चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. भलेभले त्या शांततेला कंटाळून पोपटासारखे बोलतात. हा पठ्ठ्या चहा संपवून माझ्यापेक्षा गप्प! शेवटी मीच ओरडलो, "अरे, बोल की!"

"चोरी नाय साहेब. अर्थिंगला पाणी घालत होतो. वाळू सुकी, त्यात रॉड पुरलाय हातभरच. तुमचा गिझर लीक मारतो, करंट पत्र्यात उतरतो. मीठ-पाण्यानं थोडा तरी जमिनीत जातो. कॅम्पच्या बॉसला तीनदा सांगितलं. इन्शाल्ला करू, म्हणतो."

"कॅम्पमध्ये एवढ्या कॅराव्हॅन आहेत, सगळ्यांत असलेच गिझर. मग माझ्याच मागे का?"

यावर तो खाली मान घालून बसला. झालं! गप्प बसला म्हणजे काहीतरी लपवतोय, ही माझी तीस वर्षांची खात्री. मी मीठ बंद केलं आणि त्याला घरी पाठवण्याचा रिपोर्ट लिहिला. त्याची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तेही तो बोलला नाही, मला फाइलमधून कळलं. तरी मी सही ठोकली.

पाचव्या दिवशी दुपारी त्याची विमानतळाची गाडी सुटणार होती. मी आंघोळ करून, ओल्या अंगानं बनियन वाळत घालायला बाहेर आलो. परत चढताना दाराची मूठ धरली आणि असा फेकला गेलो की टॉवेल एकीकडे, मी दुसरीकडे! आचारी किंचाळला, "करणी लागली! करणी लागली!"

"गप रे! आधी गाडी थांबव!" टॉवेल सावरत मी गेटकडे धावलो. 

वायरमननं बॅग खाली ठेवली आणि मेन स्विच बंद केला. मग रॉड उपसून दाखवला. खरोखरच हातभर निघाला. बॉसला समोर उभं करून मी काम करवून घेतलं: ओल लागेपर्यंत खोल गेलेला लांब रॉड, कॅराव्हॅनच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली जाड वायर आणि करंट गळताच वीज तोडणारा ट्रिप स्विच.

"मीठ तात्पुरतं, साहेब. ते रॉडच खाऊन टाकतं," वायरमन म्हणाला.

रिपोर्ट फाडताना मी विचारलं, "बाबा रे, त्या दिवशी मान खाली का घातलीस?"

"तुम्ही अनवाणी फिरता, साहेब. सगळ्यात आधी तुम्हीच गेला असता. पण तेव्हा हे सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, नोकरीसाठी मस्का लावतोय."

मला त्याच्याकडे बघवेना. तो काहीतरी लपवतोय, हे मी बरोबर ओळखलं होतं. तो माझ्यावर केलेले उपकार लपवत होता.